विहिरीतल्या नायट्रेटचा माग

भूजलातील नायट्रेट सर्वाधिक गंभीर असलेल्या देशातील 15 जिल्ह्यांत केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालाने वर्ध्याचे नाव घेतले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. त्यापुढे वरच्या दुधावरील तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

कपाशीला घातलेल्या युरियापासून, शेणखतापासूनही, मातीत अमोनियम तयार होते. त्याचे नायट्रेट करतात ते जिवाणू. पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाबरोबर झिरपत विहिरीला पोहोचते.

यातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून चिमूटभर मातीतला सगळा डीएनए एकदम काढून वाचतात, हेच मेटाजीनोमिक्स. हे काम दोन गटांचे जिवाणू टप्प्याटप्प्याने वाटून करतात, असे शतकभर मानले जाई. 2015 मध्ये या तंत्राच्या मदतीने दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा सापडला, पुढे तो शेतातल्या मातीतही आढळला. अर्थात डीएनए मेलेल्या जिवाणूंचाही मिळतो. त्यामुळे नुसत्या यादीवर भागत नाही. त्याच शेतातले नायट्रेट पावसाआधी आणि नंतर मोजावे लागते.