मुरुमाची वाट आणि सायकल

शहरांत वाढलेल्या मनुष्यास रस्ता म्हणजे डांबर असें वाटतें. परंतु आपल्या गोंदिया जिल्ह्यांत डांबरी सडक सोडून थोडें आंत वळलें कीं चाकांखालीं तांबूस मुरूम लागतो, आणि तोच पुढें धानाच्या बांध्यांमधून, तलावांच्या पाळींवरून व रानाच्या कडेनें गांवोगांव घेऊन जातो. अलीकडे पाश्चात्त्य देशांत अशा खडीमातीच्या वाटांवरून सायकलीनें दूरचा प्रवास करण्याची मोठी आवड उत्पन्न झाली आहे. अमेरिकेंतील कान्सास राज्यांत एम्पोरिया या गांवीं २००६ सालापासून अशा वाटांवरील सुमारें दोनशें मैलांची शर्यत भरूं लागली, आणि २०२२ सालीं इटलींत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा झाली. या कामाच्या सायकलीस ग्रॅव्हल बाइक म्हणतात. तिची किंमत ऐकून पालकांनीं दचकूं नये. ती विकत घ्या असें सांगण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं.

तिच्यांत विशेष तें काय, तर मुख्यतः टायर. शर्यतीच्या डांबरी सायकलीचा टायर २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतो; हिचा ३५ ते ५०. आतां आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीकडे पाहा. तिच्या टायरवर ‘२८ बाय दीड’ असा आंकडा असतो. दीड इंच म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर! जी गोष्ट परदेशीं नवी म्हणून विकली जाते ती आपल्याकडे धानाचीं पोतीं वाहत आली आहे.

रुंद टायरचें मर्म असें. अरुंद व कडक टायर दगडावर आला म्हणजे सायकल व स्वार दोघेही उचलले जातात, आणि ती शक्ति फुकट जाते. रुंद टायरमध्यें हवा थोडी कमी ठेवतां येते. मग दगड टायरमध्यें दबतो आणि सायकल सरळ पुढें जाते. चाकाचा जमिनीवर टेकणारा भागही मोठा असल्यामुळें पकड चांगली राहते. मात्र हवा इतकी कमी नसावी कीं दगडावर रिम आपटून आंतील ट्यूब चिमटली जाईल. काळ्या सायकलीचे दोष दोन: ती अतिशय जड असते, आणि तिला गिअर नसल्यामुळें चढावर उतरून ढकलावी लागते. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां मुरुमाविषयीं. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला खडक. त्यांत खडे असतात आणि त्यांस धरून ठेवणारी मातीही असते. या मातीला थोडी ओल असेपर्यंत रस्ता घट्ट राहतो. म्हणून पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, या वाटा सर्वांत उत्तम असतात. पुढें ऊन तापलें कीं माती धूळ होऊन उडते आणि मोकळे खडे घट्ट थरावर ज्वारीच्या दाण्यांसारखे पसरतात. अशा कोरड्या वाटेवर आडव्या लाटाही उठतात. या लाटा रस्ता करणाऱ्यांच्या हयगयीनें होतात असा समज आहे. परंतु प्रयोगांवरून असें दिसून आलें आहे कीं सुट्या कणांवरून विशिष्ट वेगाच्या वर जाणारें साधें चाकही अशा लाटा आपोआप उठवितें. पावसाळ्यांत याच्या उलट घडतें: बांधीची चिकण माती मडगार्ड आणि टायर यांमध्यें गच्च बसते व चाक फिरेनासें होतें. तेव्हां हातांत एक काडी असली तर ती सोन्याच्या मोलाची.

विद्यार्थिमित्रहो, चढ दमवितो एवढेंच. अपघात घडतो तो उतारावर. कोरड्या डांबरावर ताशी वीस किलोमीटर वेगानें जाणारी सायकल चांगला ब्रेक लावल्यास तीनचार मीटरांत थांबते. सुट्या मुरुमावर तिलाच त्याच्या दुप्पट अंतर सहज लागतें. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचें अंतर चौपट होतें, आणि उतार तर वेग न मागतां देतो. मी स्वतः मॅट्रिकच्या वर्गांत असतांना एका टेकडीच्या वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचें चाक घसरलें आणि कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघालें. मागाहून एक वृद्ध गृहस्थ मोहाचें पोतें लादलेली सायकल हातांत धरून पायींच उतरत आले. “बाबू, ब्रेक वळणाच्या अगोदर लावायचा असतो,” एवढेंच ते म्हणाले, व आपलें पाणी मला देऊन पुढें गेले. पुढें शास्त्र वाचल्यावर त्या वाक्याची सत्यता कळली. वळतांना टायरची पकड वळण घेण्यांतच खर्च होत असते, थांबविण्यासाठीं ती उरत नाहीं. मागचें चाक घसरलें तर सांवरतां येतें, पुढचें घसरलें तर बहुधा येत नाहीं. म्हणून वेग सरळ वाटेवरच, मुख्यतः मागच्या ब्रेकनें, कमी करावा. कोपरें सैल सोडावीं. आणि लाटांवरून जातांना सीटवरून किंचित उठावें.

हें सर्व मी एवढ्या विस्तारानें लिहितों याचें कारण असें कीं या वाटा हौशी लोकांपेक्षां विद्यार्थ्यांच्याच अधिक आहेत. मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या मुलींस शाळेसाठीं सायकली मिळाल्या. पण उतार कसा उतरावा हें त्यांना कोणी शिकविलें?

सहलीसाठीं वाट निवडावयाची तर माझी पहिली पसंती नवेगांवबांधच्या परिसरास. गोंदियाहून तें सुमारें ६५ किलोमीटर. तेथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें परंपरा सांगते. डोंगरांच्या मधली जागा पाळीनें अडवून पाणी सांठविण्याची कोहळी समाजाची ही विद्या डोळ्यांनीं पाहण्याजोगी आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनीं याच रानांत नोकरीचीं वर्षें काढलीं. तेथून दक्षिणेस गोठणगांवाजवळ गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाकडे जातांना बांध्या आणि झाडी आळीपाळीनें भेटतात. चढ सौम्य आहेत. नवशिक्यानें येथेंच प्रारंभ करावा. सालेकसा तालुक्यांतील दरेकसा व कचारगड यांची गोष्ट निराळी. तेथें टेकड्या खऱ्याखुऱ्या अंगावर येतात, आणि गोंड समाज जेथें माघ पौर्णिमेस यात्रेला जमतो त्या गुहेचा शेवटचा चढ पायींच चढावा लागतो.

नागझिरा अभयारण्य १९७० सालीं आणि नवेगांव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालीं स्थापन झालें. २०१३ सालीं हीं रानें एका व्याघ्रप्रकल्पांत जोडलीं गेलीं. त्यांच्या आंत परवानगीशिवाय शिरणें कायद्यानें गुन्हा आहे, वाट कितीही मोहक दिसो. बाहेरच्या वाटांवरही वाघ व अस्वल फाटकाचा नियम पाळीत नाहींत. सायकलीचा आवाज होत नाहीं, ही तिची शोभा खरी. पण रानांतील वळणावर तोच तिचा दोष. तेथें घंटी वाजवीत जावें, एकट्यानें जाऊं नये. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें पहाटे झडतात. तीं वेंचण्यास माणसें जातात आणि तींच खाण्यास अस्वलेंही येतात. तेव्हां त्या दिवसांत ऊन चांगलें वर आल्यावरच घरून निघावें आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांस टेकण्यापूर्वी डांबरी सडकेवर परत यावें. निघण्यापूर्वी कोणत्या वाटेनें जाणार हें घरीं सांगून ठेवावें.