शंभर वर्षांचं सागवान, बारा वर्षांचा पोर

बल्लारशा किंवा आलापल्लीच्या डेपोत सागवान मोजताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा हिशेब लगेच कळेल. लठ्ठ्याच्या मधोमध टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, तिला चारानं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. गोलाई दोन मीटर आणि सरळ खोड पंधरा मीटर असेल, तर पावणेचार घनमीटर माल निघतो. असं झाड तयार व्हायला आपल्या जंगलात शंभर वर्षं सहज लागतात.

शिडाच्या जहाजांच्या काळात 74 तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे एक लाख घनफूट लाकूड लागायचं. म्हणजे 2800 घनमीटरहून जास्त. आपल्या मापाची साडेसातशे झाडं झाली, आणि तीही एक ढलपीसुद्धा वाया गेली नाही असं धरून! साडेसातशे झाडांची शंभर-शंभर वर्षं मांडली, तर एका सांगाड्यात 75 हजार वर्षांची वाढ ठोकून बसवलेली. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या 104 तोफांच्या ‘व्हिक्टरी’ला तर सुमारे 6000 झाडं लागली, बहुतेक ओकची.

आणि या लाकडाच्या डोंगरावर काम करायला यायची ती पोरं. नेल्सन स्वतः 1771 साली नौदलात दाखल झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. 1805 मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ‘व्हिक्टरी’वर 821 माणसं होती, त्यातला सर्वांत लहान मुलगा बाराच वर्षांचा. झोपायला टांगलेली झोळी, माणशी जागा 14 इंच. जहाजावरचा दोर 26 मैलांचा, म्हणजे चंद्रपूरहून निघालो तर जवळजवळ मूलपर्यंत पुरेल इतका. आणि त्यातला कुठला दोर कशाचा, हे पोराला काळोख्या रात्री, पावसात, नुसत्या हातानं ओळखता यायला हवं. मधली डोलकाठी पाण्यापासून 205 फूट उंच. आपलं उंचात उंच सागवान 40 मीटरच्या आसपास थांबतं, डोलकाठी 62 मीटरची. म्हणून ती तुकड्यावर तुकडा चढवून उभारायची. वारा सुटला की त्या टोकाला चढणाऱ्यांत अशी पोरं असत. आज त्या वयात आपला मुलगा सातवीत असतो.

ओकची जहाजं मात्र लवकर कुजत, आणि ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळेही खाल्ले जात. सागवानातलं तेल लाकूडही राखतं आणि लोखंडही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली: 1810 मध्ये ‘मिंडेन’, 1815 मध्ये ‘वेलस्ली’, 1817 मध्ये ‘त्रिंकोमाली’, 1821 मध्ये ‘गँजेस’.

मला सगळ्यांत थक्क करते ती या जहाजांची पुढची गोष्ट. लढाईचं काम संपलं, तरी सांगाडे धडधाकट होते. मग त्यांतल्या काहींवर पोरांच्या शाळा भरल्या. ‘गँजेस’ 1866 पासून इंग्लंडमध्ये फाल्मथला नौदलाच्या पोरांना घडवत उभी होती. ‘वेलस्ली’चं नाव बदलून ‘कॉर्नवॉल’ केलं आणि तिच्यावर वाट चुकलेली मुलं राहू लागली. 1940 मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ती बुडाली, तेव्हा तिचं वय होतं 125. ‘त्रिंकोमाली’ नाव बदलून 1986 पर्यंत तरुणांना समुद्र शिकवत होती. आज ती हार्टलपूलला आहे, दोनशे वर्षं उलटून गेली तरी तरंगती. एकाच गोदीतून निघालेल्या सागवानानं गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोवळी पोरं दर्यावर्दी केली, ही गोष्ट आपल्याकडच्या सिरोंच्याच्या शाळेत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचं ते सागवान मुख्यतः मलबारचं. आपल्याकडच्या पाण्याची वाट उलटी, पूर्वेकडे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी ती गोदावरीला मिळते, आणि गोदावरीकाठचं सागवान वाहत जायचं ते बंगालच्या उपसागराला, जिथे कोरिंगाला जहाजं बांधली जात. पण नुकतं तोडलेलं सागवान पाण्यात तरंगत नाही, बुडतं! ब्रह्मदेशात आणि मलबारात यावर उपाय होता: उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती सालीचं कडं काढायचं आणि दोन-तीन वर्षं ते जागच्या जागी वाळू द्यायचं. मग तोड, मग पुराची वाट बघायची.

नदीतही अडथळे कमी नाहीत. अहेरीजवळ देवलमरीला प्राणहितेत खडकांची रांगच आहे. इंग्रजांनी 1860 च्या दशकात ही रांग आणि खालच्या आणखी दोन ओलांडून बोटी वर आणायचा घाट घातला. हिंगणघाटचा कापूस थेट समुद्रावर पोचवायचा होता. त्याच सुमारास सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं. 1871 साली सरकारनं त्या कामावर पाणी सोडलं आणि 1874 मध्ये सिरोंचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडलं गेलं.