बाळापूर चार अक्षरांचं, मेमरीत मात्र २१ बाइट: प्रिपेअर्ड स्टेटमेंट समजून घेऊ

मोबाइलवर सातबारा बघायचा म्हटलं की आधी जिल्हा अकोला, मग तालुका बाळापूर, मग गाव आणि शेवटी गट नंबर किंवा नाव. शोधणारा कुणीही असो, प्रश्न तोच. बदलतं ते फक्त गाव आणि नाव. (सरकारी साइट आतून कशी बांधलीय हा आपला विषय नाही, उदाहरण ओळखीचं म्हणून घेतलं.)

असा एकाच साच्याचा प्रश्न डेटाबेसला विचारायची नीट पद्धत म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. प्रोग्रॅम आधी नुसता सांगाडा पाठवतो: 'सिलेक्ट गट, मालक फ्रॉम जमीन व्हेअर गाव = ?' डेटाबेस तो वाचून, अर्थ लावून तयार ठेवतो. प्रश्नचिन्हाच्या जागी काय बसवायचं ते नंतर वेगळं जातं. त्यामुळे नावाच्या खान्यात कुणी खोडसाळपणे डिलीटची अख्खी कमांड टाइप केली, तरी डेटाबेस तिच्याकडे नाव म्हणूनच बघतो. वसईकडचं डिसोझा आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये येणारं ते वरचं स्वल्पचिन्हही मग क्वेरी मोडत नाही.

इथपर्यंत बरेच जण शिकवतात. खरी गंमत उत्तर परत येताना आहे.

मायएसक्यूएल आणि सी भाषा घेतली, तर प्रत्येक कॉलमसाठी मेमरीत जागा तुम्हीच राखून ठेवायची. तिला बफर म्हणतात. मग 'फेच' म्हटलं की एक ओळ येऊन त्या जागेत बसते. आता गावाच्या नावाला २० बाइट पुरतील असं वाटतं ना? इंग्रजीत बाळापूरला ७ बाइट लागतात. पण देवनागरीत काना, उकार, हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात. ब, काना, ळ, काना, प, ऊकार, र असे सात, म्हणजे २१ बाइट! २० च्या बफरमध्ये शेवटचा 'र' अर्धवट कापला जातो आणि स्क्रीनवर 'बाळापू' आणि पुढे एक विचित्र चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. मूर्तिजापूरला तर ३३ लागतात.

नाव कापलं गेलं हे मायएसक्यूएल फेचच्या उत्तरातच कळवतं, खरी लांबीही देतं. ती बघून मोठा बफर घ्यायचा आणि तेवढाच कॉलम पुन्हा मागवायचा. पण कोड लिहिणाऱ्याने ते उत्तर तपासलं तर ना!

आणखी एक: पुढची ओळ त्याच बफरमध्ये, आधीच्या ओळीवरच येऊन बसते. कॉपी न करता नुसता पत्ता साठवला, तर यादीत शंभर वेळा शेवटचाच मालक दिसेल. जमिनीच्या बाबतीत हे किती महागात पडेल, बघा.

सगळ्या ओळी एकदम मेमरीत घ्यायच्या की एकेक, हेही तुम्हीच ठरवायचं. एकेक घेतल्या तर मेमरी वाचते, पण सगळ्या वाचून संपेपर्यंत (किंवा उरलेल्या सोडून देईपर्यंत) त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम एसक्यूलाइट करतं. तिथे ओळी ज्या खिडकीतून येतात, ती साधारण २ एमबीची असते. एकाच ओळीत त्याहून मोठा फोटो कोंबला, तर ती वाचतानाच ॲप कोसळू शकतं. म्हणून फोटो फाइलमध्ये ठेवतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता.