दुभाष्या आणि भाषांतरकार

बिरसा परिसरात हिंदी, मराठी, गोंडी शेजारी नांदतात. दुभाष्या आपणांस परका नाही. तेच वाक्य हजारदा आले, तर तो हजारदा उलगडतो. लिखित भाषांतर एकदाच पुरते. संगणकातही हाच भेद आहे. जावातील आज्ञावली प्रथम ‘बाइटकोड’ या मधल्या भाषेत उतरते. इंटरप्रिटर तिची एकेक आज्ञा उलगडतो. कंपायलर ती यंत्राच्या मूळ भाषेत लिहून ठेवतो. अँड्रॉइड ५.० ने (२०१४) अ‍ॅप बसवतानाच सर्व भाषांतर उरकले. वेग वाढला, तशी प्रतीक्षा आणि जागाही वाढली. ७.० ने (२०१६) वारंवार लागणारे भागच निवडले आणि फोन चार्जिंगला स्वस्थ पडलेला असताना ते भाषांतरून ठेवले. भाषांतराचे श्रम पुनरावृत्तीने सार्थकी लागतात; काय भाषांतरावे, हा विवेक यंत्रालाही चुकला नाही.