रुळावरचे साल फसवू शकते

भंगाराच्या वखारीत, जुन्या बंगल्याच्या कुंपणात किंवा स्थानकाच्या छपराखाली खांब म्हणून उभा असलेला रुळाचा तुकडा रेल्वेच्या छांदिष्टांना हमखास खुणावतो. त्यावर १८८० किंवा १८९० असे साल दिसले, की तेथील लोहमार्गही तेव्हाचाच, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. घोटाळा होतो तो येथेच.

रूळ कारखान्यात लाटला जात असतानाच त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरे उमटतात. निर्मात्याचे नाव, साल, बहुधा वजन आणि काही वेळा मागणी नोंदविणाऱ्या रेल्वे कंपनीची आद्याक्षरे. हे साल घडणीचे, अंथरणीचे नव्हे. मुख्य मार्गावरून उखडलेला रूळ साइडिंगला आणि तेथून कुंपणाला जाई. तेव्हा तो खांब त्या सालापूर्वी उभा राहिलेला नाही, एवढेच त्यावरून ठरते.

आद्याक्षरांचेही तसेच. ‘जीआयपी’ दिसले, की वस्तू थेट १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीपर्यंत मागे नेण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात १९२५ मध्ये सरकारने कारभार हाती घेतल्यावरही ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ हे नाव चालू राहिले. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा ते मावळले. कंदिलावर वा पितळी बिल्ल्यावर केवळ ही अक्षरे असतील, तर वय जवळजवळ शंभर वर्षांच्या पट्ट्यात कोठेही पडू शकते.

आकार अधिक खरे बोलतो. वरखाली सारखाच माथा असलेला दुतोंडी रूळ जुन्या पिढीचा. एक बाजू झिजली, की उलटवून दुसरी वापरायची, अशी काटकसरीची ती कल्पना. पण ओतीव लोखंडाच्या बैठकीवर आदळून खालच्या बाजूला खाचा पडत आणि उलटविलेल्या रुळावरून गाडी खडखडत जाई. पुढे सपाट तळाच्या रुळाने त्याची जागा घेतली. वजन यार्डाला पौंडांत असेल, तर घडण सहसा मेट्रिक मापांपूर्वीची. आजचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचे असतात.

अक्षरे वाचण्यासाठी ग्राइंडर मात्र चालवू नये. त्याने पुरावाच घासला जातो. मऊ ब्रश, खडूची भुकटी आणि तिरपा धरलेला विजेरीचा झोत पुरतो. वस्तू विकत घेतल्यास पावतीही जपावी. १९६६ च्या रेल्वे मालमत्ताविषयक कायद्यानुसार चोरीचा वाजवी संशय असलेली वस्तू जवळ सापडल्यास, ती रीतसर मिळाल्याचे बाळगणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते.