आईची गोळी, बाळाचं दूध
(बाळाचं पहिलं वर्ष : लेखांक ७)

मागच्या लेखांकात स्तनात गाठ येऊन ताप चढतो त्याबद्दल लिहिताना, अँटिबायोटिक चालू असलं तरी पाजत राहा, असं म्हटलं होतं. घरोघरी घडतं ते उलटंच. गोळ्यांची पट्टी घरात आली की आजी म्हणते, "औषध दुधात उतरेल, चार दिवस वरचं दूध दे."

औषध दुधात उतरतं हे खरंच आहे, पण किती? आयबुप्रोफेन घ्या. दर सहा तासांनी ४०० मिलिग्रॅम घेणारी आई दिवसाला १६०० मिलिग्रॅम पोटात घेते. त्यातलं दिवसभराच्या दुधात एक मिलिग्रॅमही येत नाही, कारण हे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं. वजनाच्या हिशेबाने बाळाला दुधातून मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांच्या आत असेल, तर ते औषध सहसा चालतं. पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, थायरॉईडची गोळी, इन्सुलिन ही सगळी चालणारी. अमॉक्सिसिलिनने बाळाला कधी पातळ शी होते, एवढंच.

उलट चार दिवस न पाजण्याची किंमत मोठी. छाती दगडासारखी होते, दूध आटायला लागतं, बाळ बाटलीला सरावतं. तरीही 'बंद करा' हा सल्ला झटकन दिला जातो, कारण तो देणाऱ्याला काही तोशीस पडत नाही. औषधांच्या चाचण्यांतून पाजणाऱ्या बायकांना सहसा वगळलेलं असतं, आणि माहिती नसली की नकार सोयीचा वाटतो. कोविडची लस आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ला सुरू झाली तेव्हा स्तनदा मातांना ती नाकारली होती. परवानगी मिळाली १९ मे रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना.

माझ्या मते जास्त जपायला हवं ते चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या औषधांना. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याच्या ६० मिलिग्रॅमच्या एकाच गोळीने दिवसभराचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर नकोच. काहींच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि बाळ गुंगीत जातं, त्याचा श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७मध्ये कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत असं बजावलं. अंगदुखीवर ॲस्पिरिनही टाळावी. आणि हो, बाळंतिणीला हमखास दिल्या जाणाऱ्या दशमूलारिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. लेबलवर तसं छापलेलंही असतं, वाचतं कोण!

पाजणं खरोखर थांबवावं लागतं अशी औषधं थोडी आहेत. कर्करोगाची बहुतेक केमोथेरपी त्यात येते. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं असेल, तर या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल, तर चालणाऱ्या औषधांबाबतही अधिक जपावं, कारण त्याचं यकृत आणि मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतात.

तेव्हा डॉक्टरांकडे, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा, "मी अंगावर पाजते, बाळ अमुक महिन्यांचं आहे" हे आपणहून सांगा. पाजणं बंद करा म्हणाले, तर दुसरं औषध आहे का ते विचारा. बहुतेक वेळा असतं. पण स्वतःच्या मनाने औषध सोडू नका, दूधही तोडू नका.

पुढच्या लेखांकात : पाजत असताना कुठलं गर्भनिरोधक चालतं.