माळ कुणी राखला? चराई आणि दुर्मीळ वनस्पती

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातल्या करजगीपासून ईशान्येला बिदरच्या जांभ्याच्या पठारापर्यंत पसरलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात दोन तऱ्हेची जमीन आहे. एक काळी, खोल, तूर-ज्वारीची. दुसरी मुरमाड, हलकी, नांगराला दाद न देणारी. ही दुसरी जमीन म्हणजे माळ. सरकारी दप्तरात ती बहुतेक ठिकाणी गायरान किंवा पडीक म्हणून लागलेली असते आणि धनगर-कुरुबरांची मेंढरे, तांड्यावरची गुरे, गावातल्या शेळ्या पिढ्यान् पिढ्या तिच्यावर चरत आलेल्या असतात. अशा माळावर एखादी दुर्मीळ वनस्पती आहे असे कळले, की संरक्षणाचा पहिला उपाय ठरलेला असतो: कुंपण घाला, जनावरे बाहेर काढा. दुसऱ्या टोकाला, जनावरे चरली म्हणूनच माळ टिकला, त्यांना कुठेच अडवू नका, असे म्हणणारेही आता भेटतात. या दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. दोघेही जनावराकडे पाहून निकाल देतात. निकाल द्यायचा तर तो वनस्पतीच्या वर्षाकडे पाहून द्यायला हवा. कोणत्या महिन्यात, कोणत्या जनावराचे तोंड तिच्यावर पडते आणि त्यानंतर तिला सावरायला किती दिवस मिळतात, यावर सगळे अवलंबून आहे. हे उत्तर प्रत्येक माळाचे वेगळे निघते आणि म्हणूनच ते त्या त्या माळावरच मोजावे लागते.

आधी माळावर आहे काय, हे पाहू. आशिष नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली भारतीय द्वीपकल्पातल्या गवताळ प्रदेशांत, आणि जगात इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या वनस्पतींची यादी केली. ती 206 जातींची भरली आणि त्यांतल्या 43 टक्के जातींचे शास्त्रीय वर्णन गेल्या दोन दशकांतले आहे. ज्याला आपण उजाड म्हणतो त्या जमिनीची ओळख अजून पूर्ण झालेली नाही, हा या आकड्यांचा सरळ अर्थ. या वनस्पतींपैकी बऱ्याच वर्षातले सात-आठ महिने जमिनीवर दिसतच नाहीत. कंदीलपुष्पाचेच घ्या. मराठीत त्याच्या काही जातींना खरचुडी म्हणतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी या वंशावर आयुष्यभर काम केले आहे. उन्हाळाभर या झाडाचा बटाट्याएवढा किंवा त्याहून लहान कंद दगडांच्या फटीत पडून असतो. पहिल्या पावसानंतर त्यातून सुतळीपेक्षा बारीक देठ वर येतो. श्रावण-भाद्रपदात नळीसारखे फूल लागते. नळी खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेली कंदिलाची जाळी. बारीक माशी आत उतरते ती नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. केस सुकले की सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. मग शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा धरतात, त्या तडकतात आणि रेशमी झुपक्याचे बी वाऱ्यावर जाते. आषाढात शेळीने देठ खुडला तर कंद मरत नाही, पण त्या वर्षीचे बी बहुधा हातचे जाते. शेंगा तडकून गेल्यावर हजार मेंढरांचा कळप वरून गेला तरी त्या झाडाचे फारसे बिघडत नाही. तीच जनावरे, तोच माळ, मधे तीन महिन्यांचे अंतर.

जनावरागणिकही फरक पडतो. गाय-म्हैस जिभेने गवताचा झुबका ओढून तोडते, त्यामुळे अगदी बुटक्या रोपांना ती सहसा लागत नाही. मेंढी जमिनीलगत कुरतडते. शेळी पाला, शेंडे, फुलोरा निवडून खाते आणि दुर्मीळ वेलींना खरा धोका तिचाच. 2012 आणि 2019च्या पशुगणनांमध्ये देशातली गुरे जवळजवळ तितकीच राहिली, शेळ्या मात्र सुमारे दहा टक्क्यांनी वाढून 14 कोटी 88 लाख झाल्या आणि मेंढ्या चौदा टक्क्यांनी वाढून 7 कोटी 42 लाख. एकूण जनावरे किती वाढली याची चर्चा होते, पण माळावरच्या तोंडांची जात बदलते आहे ही गोष्ट वनस्पतींच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973च्या त्यांच्या ग्रंथात भारतातल्या गवतांची जी मांडणी केली, तिच्यात दख्खनचा हा भाग पवना आणि मारवेल या गवतांचा आहे. चराईचा ताण वाढत गेला की ही चांगली गवते मागे हटतात, कुसळीचे राज्य येते, आणि ताण तसाच राहिला तर शेवटी निकृष्ट, कोरडी, काडीसारखी गवते उरतात. मेंढपाळांना ही उतरण पुस्तकाविना ठाऊक असते, कारण कुसळ मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात घुसते. तेव्हा अतिचराईने माळ बिघडतो, यात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे: चराई थांबवली की माळ सुधारतो का?

याचे सर्वांत जवळचे उदाहरण साताऱ्याचे कास पठार. साधारण 1200 मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा सडा 2012 साली सह्याद्रीतल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. पर्यटकांची झुंबड उडाली आणि फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला जाळीचे कुंपण आले. त्याबरोबर आसपासच्या गावांची गुरे-म्हशीही बाहेर राहिली. काही वर्षांत गावकरी सांगू लागले की गवत उंच होते आहे आणि फुले कमी होताहेत. अभ्यासकांनीही जाळीला आक्षेप घेतला, आणि अखेर ती हटवण्याचा निर्णय झाला. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. कासची प्रसिद्ध फुले, म्हणजे गेंद, सीतेची आसवे, तेरडा, बहुतेक बोटभर ते वीतभर उंचीची आणि एका पावसात आयुष्य संपवणारी. त्यांना उजेड लागतो. तिथे पाऊस धो धो पडतो, गवत माजते, आणि ते कापणारे तोंड नसेल तर खालच्या रोपांवर सावली पडते. राजस्थानात भरतपूरला हेच मोठ्या प्रमाणावर घडले होते. 1982च्या नोव्हेंबरात तिथल्या राष्ट्रीय उद्यानात म्हशींना बंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे गेली, आणि पुढच्या वर्षांत पास्पालम नावाच्या गवताने पाणथळ जागा व्यापल्या. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दशकभराच्या अभ्यासातून निष्पन्न झाले ते हे, की म्हशी त्या पाणथळीच्या हिताच्या होत्या. माणसे मेली ती एका न तपासलेल्या गृहीतकापायी, ही गोष्ट संरक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तरीही कास आणि भरतपूर दाखवून सगळीकडच्या जाळ्या काढा म्हणणे घाईचे ठरेल. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्येही 1982 साली चराई थांबली. बंदीमुळे तिथे पॉलिगोनम ही उंच वनस्पती माजली आणि इतर फुले दबली, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडले. तिथे दीर्घकाळ काम केलेल्या चंद्रप्रकाश काला यांना ते पटले नाही. दुर्मीळ औषधी वनस्पतींच्या दृष्टीने बंदी योग्यच, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे एकाच वर्षी आलेल्या दोन बंद्यांचे निष्कर्ष वेगवेगळे. याचे उत्तर 1988 साली मिल्चुनस, साला आणि लाउएनरॉथ या तिघांनी मांडलेल्या विचारात बऱ्याच अंशी सापडते. चराईचा परिणाम दोन गोष्टींवर ठरतो: तिथे ओल किती, आणि तिथल्या वनस्पतींना चरणाऱ्या प्राण्यांची सवय किती जुनी. ओल भरपूर आणि सवय जुनी असेल, तर मध्यम चराईने विविधता वाढते, कारण उंच गवताची दादागिरी मोडते. ओल कमी आणि सवय जुनी असेल, तर चराईने वनस्पतींची रचना फारशी हलत नाही, कारण दुष्काळ सोसायला आणि दात सोसायला लागणारे गुण एकच असतात: बुटकेपणा, जमिनीखालचा साठा, झटपट फुटवा.

हा विचार करजगीला लावला की कासचा धडा इथे जसाच्या तसा चालत नाही हे उघड होते. कासला पाऊस हजारो मिलिमीटर. भीमेच्या या खोऱ्यात जेमतेम सातशे, तोही लहरी. इथे गवत सावली धरण्याइतके उंच होते ते एखाद्या चांगल्या वर्षी. म्हणून जनावरांनी गवत कापून फुलांना उजेड मिळवून देण्याचा फायदा इथे कमी, आणि काळवीट, चिंकारा यांच्या दातांची सवय असलेल्या वनस्पतींना मध्यम चराईचे नुकसानही कमी. एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंत जो फरक दिसतो तो बराचसा पावसाचा असतो, आणि आपण तो सहज मेंढरांच्या माथी मारतो. इथे खरी अडचण दुसरीच आहे. जूनपासून शिवारात पीक उभे असते. तूर पौषापर्यंत हलत नाही, त्यामागे शाळू. या काळात कळपाला शेतात पाऊल टाकता येत नाही, म्हणून सगळा भार माळावर येतो, आणि हेच महिने कंदवर्गीय वनस्पतींच्या फुलण्याचे आणि बी धरण्याचे. सुगी झाली की शेतकरी आपण होऊन मेंढरे बसवून घेतात, लेंडीखतासाठी मोबदला देतात. तेव्हा माळाला विसावा मिळतो, पण वनस्पती झोपलेल्या असतात. नांगर, खाणी, सरकारी वृक्षारोपण यांनी माळ जसजसा आक्रसतो, तसतसा पावसाळ्यातला हा भार उरलेल्या तुकड्यावर एकवटतो. जनावरांची संख्या तीच राहिली तरी दडपण वाढते. अशा ठिकाणी मेंढपाळाला आरोपी करणे म्हणजे माळ कुणी खाल्ला हे न विचारता उरलेल्या घासाबद्दल भांडणे आहे.

यावर वजनदार आक्षेप येतात. पहिला शिंदळ माकुडीचा. शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही मांसल खोडाची, गडद लाल फुलांची वनस्पती डालझेल यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. शिवनेरी, सज्जनगड, पुरंदरजवळचा वज्रगड अशा ठिकाणी ती आढळते, तीही बहुधा शेळीचे पाऊल न पोचणाऱ्या कड्यांवर. सपाटीवरून ती जनावरांनीच संपवली, असा तर्क त्यावरून केला जातो. तर्क शक्य आहे, सिद्ध नाही. कड्याची भेग, तिथला निचरा, स्पर्धेचा अभाव हेच तिचे मूळ घर असू शकते. पण जिथे एखाद्या जातीची मोजकी झाडे उरली आहेत, तिथे सिद्धतेची वाट पाहू नये, हे मान्य करायलाच हवे. त्या झाडांभोवती चार हातांचे दगडी आडोसे करावेत, काटेरी फांद्या लावाव्यात. आख्खा माळ बंद करण्याला मात्र ते कारण पुरत नाही. दुसरी सवलत सड्यावरच्या डबक्यांना द्यावी लागते. सीतेची आसवे मातीत पोषण नसते म्हणून मुळासारख्या बारीक धाग्यांवरच्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून जगतात. अशा डबक्यात म्हशी बसल्या आणि शेण पडत राहिले, तर त्या पाण्याचा स्वभावच बदलतो. म्हणजे एकाच पठारावर गवताला म्हैस हवी आणि डबक्याला नको, असे असू शकते.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. हा माळ मुळात जंगल होता, शेळ्या-मेंढरांनी आणि कुऱ्हाडीने तो उजाड केला, तेव्हा चराई थांबवून झाडे लावणे हीच दुरुस्ती, असे वनखात्यापासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे मानले गेले. या समजुतीला आता नीट पुरावा उरलेला नाही. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 साली जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून दाखवले की साडेसातशे वर्षांपूर्वीही या पठारावर बाभूळ-हिवरासारखी माळावरचीच झाडे होती. इतरत्र कुठे न आढळणाऱ्या 206 जाती दोन-चार शतकांच्या चराईतून घडत नाहीत, ही त्याहून जुनी साक्ष. या भागाच्या शेजारीच, नान्नज परिसरासह सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत 1979 साली माळढोकासाठी 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यातल्या गवताळ तुकड्यांवरही ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली. माळढोकाला मोकळे रान लागते, हे ठाऊक असूनही. अभयारण्याचा विस्तार पुढे 1,222 चौरस किलोमीटरवर आला, माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. तिथला माळ मेंढरांनी मोडला नाही.

तिसरा आक्षेप गायरानाचा: सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, प्रत्येक जण आपली जनावरे वाढवणार. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली कुरणाचेच उदाहरण घेऊन हे मांडले आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 साली जगभरचे दाखले देऊन उत्तर दिले, की जिथे वापरणाऱ्यांना नियम करण्याचा हक्क असतो तिथे सामाईक जमीन टिकते. 2011च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, त्यामागे हीच जाण आहे. ऋतूनुसार माळाचा एक भाग बंद ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गवत राखून दिवाळीनंतर कापायची रीत अनेक गावांत होती. दुर्मीळ वनस्पतींसाठी लागते ते जवळजवळ तेवढेच: श्रावण ते आश्विन माळाचा ठरावीक तुकडा राखायचा, दरवर्षी तुकडा बदलायचा, आणि राखलेल्या गवतावर हक्क मेंढपाळांचाच.

हे अंदाजाने ठरवून चालणार नाही, मोजून ठरवावे लागेल. आजवरची बहुतेक पाहणी फुले मोजते, आणि तिथेच फसते. कंदातून फूल वर्षानुवर्षे येत राहते; बी रुजून नवे रोप आले नाही तर ती जात डोळ्यांदेखत म्हातारी होऊन संपते. म्हणून मोजायची ती नवी रोपे आणि तडकलेल्या शेंगा. शेजारी शेजारी तीन चौकोन हवेत: एक कायम बंद, एक फक्त फुलण्याच्या महिन्यांत बंद, एक नेहमीसारखा चरता. किती जनावरे, कोणती, किती दिवस, याची नोंद मेंढपाळाकडूनच घ्यायची. आणि मोजणी इतकी वर्षे चालली पाहिजे की तिच्यात एक कोरडे वर्ष आणि एक चांगले वर्ष सापडेल. कलबुर्गी जिल्ह्याच्या वनस्पतींची यादी तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2000 साली ग्रंथरूपाने दिली आहे. तिच्यातल्या फक्त माळावरच उगवणाऱ्या जाती निवडाव्यात, करजगीच्या बाजूच्या मुरमाड गायरानांवर आणि बिदरच्या जांभ्यावर हे चौकोन आखावेत, पहिली मोजणी पावसानंतर देठ वर आल्यावर आणि दुसरी शेंगा तडकण्याच्या आधी करावी.